कुंकवाच्या मापाचे आटे

आमच्या नातेवाइकांत मी 'डेंटल लाइन'ला आहे असं सांगितलं जातं. सांगणारे माझे बाबा. ते आयुष्यभर एका सरकारी कचेरीत कारकून होते, त्यामुळे खोटं न बोलता समोरच्याचा गैरसमज तसाच राहू देणारी वाक्यं त्यांना छान जमतात. परिणाम असा, की कुठल्याही साखरपुड्यात वरळीची आत्या मला कोपऱ्यात गाठते आणि तोंड उघडते. "ही बघ गं, मागची. थंड लागलं की कळ जाते." मी बघते. एकदा मोबाइलचा टॉर्च लावूनही बघितलं. दाढ किडली होती, ते कुणालाही दिसलं असतं. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव." तेव्हापासून मी उगाच औषधं न देणारी प्रामाणिक डॉक्टर म्हणून ओळखली जाते.

खरं काय ते सांगायला चार-पाच वाक्यं लागतात, आणि ती मला तोंडाने सलग जुळवता येत नाहीत. लिहून येतात, म्हणून लिहिते. दात पडला की हल्ली जबड्याच्या हाडात धातूचा एक बारीक खुंट बसवतात. त्या खुंटाला आतून आटे असतात, आणि त्यांत स्क्रू पिळून वर नकली दात बसतो. तो खुंट आम्ही करत नाही. पण नकली दात आधी लॅबमध्ये तयार होतो. तिथे पेशंटच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा असतो आणि त्या साच्यात खुंटाची हुबेहूब प्रतिकृती रोवलेली असते, म्हणजे दात तिथे बसवून बघता येतो. आम्ही ती प्रतिकृती करतो. थोडक्यात, खोट्या जबड्यातलं खोटं मूळ. मात्र त्याच्या पोटातले आटे अगदी खरे लागतात, कारण तिथे ढिला बसलेला दात पुढे माणसाच्या तोंडातही नीट बसत नाही.

आमचा गाळा काळाचौकीला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर आहे. आमचा म्हणजे काकांचा. आजोबा गिरणीत होते. काकांनी मागांचे सुटे भाग करायला हा गाळा घेतला आणि थोड्याच काळात गिरण्या बंद झाल्या. मग त्यांनी पडद्याच्या दांड्यांची टोकं केली, मग पेनांच्या निबांमागचे भाग, मग अत्तराच्या बाटल्यांची तोंडं. धंद्यात प्रगती होते म्हणजे वस्तू लहान होत जाते, असं मला हा इतिहास ऐकताना वाटायचं. आता ती इतकी लहान झाली होती, की पेन्सिलीचं शिसं जाणार नाही एवढ्या भोकात आटे पाडायचे होते.

मी इथे आले ती तात्पुरती. बी.एस्सी. झाल्यावर मी काही मुलाखती दिल्या. प्रश्न कळायचे, उत्तरं यायची, पण ती तोंडापर्यंत यायच्या आत पुढचा प्रश्न आलेला असायचा. बाबा म्हणाले, "काही मिळेपर्यंत काकाकडे बस. इंग्लिश मीडियमचा त्याला तरी उपयोग होईल." काकांना ईमेल लिहायला कुणीतरी हवंच होतं. ईमेल मला जमतात. फोन मात्र मी उचलायचे नाही आणि काकांनी तो विषय कधी काढला नाही. लेथ चालवणारे दादा देवगडकडचे, ते मशीनशी बोलायचे. दिवसभर कुणी मला काही विचारत नसे. इतकी चांगली जागा मी आजवर पाहिली नव्हती.

आटे तपासायचं गेज काकांनी माझ्या हातात दिलं, तेव्हा तर माझी खात्रीच पटली की ही नोकरी माझ्यासाठी आहे. बोटभर दांडी, दोन्ही टोकांना सुईएवढे आटे. हिरव्या बाजूला 'गो', लाल बाजूला 'नो-गो'. गो आत गेलं पाहिजे. नो-गो आत जाता कामा नये. गो गेलं नाही तर आटे घट्ट, नो-गो गेलं तर ढिले, दोन्ही पीस बाद. गेज हो किंवा नाही एवढंच बोलतं आणि कुणी कारण विचारलं तर गप्प बसतं. मला त्याचा जरा हेवाच वाटायचा.

त्या वर्षी वरळीच्या एका डेंटल कंपनीने आम्हाला ट्रायल लॉट दिला. दिवाळीच्या आधी त्यांचा माणूस येऊन तपासणार, पास झालो तर कायमचं काम. नाही झालो तर काय, तेही काकांनी सांगून टाकलं होतं. शेजारच्या गाळ्यात मिठाईचे खोके करणारा गृहस्थ आमचा गाळा मागत होता. "हा लॉट गेला तर मी गाळा त्याला देतो आणि गावी जाऊन कलमं लावतो," काका म्हणाले. "तुझे बाबा तुला एखाद्या बँकेत चिकटवतील. कस्टमर केअरला वगैरे." काका हे प्रेमानेच म्हणाले होते. पण कस्टमर केअर म्हणजे दिवसभर फोन, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. खोकेवाले गृहस्थ मात्र रोज यायचे. "काय, चाललंय ना?" असं विचारत खिशातून टेप काढायचे आणि कुठलीतरी एक भिंत मोजून जायचे.

नमुन्याचे पीस दसऱ्याच्या आधीच पास झाले होते. लॉट दसऱ्यानंतर सुरू करायचा, हे काकूने ठरवलं. काकू लालबागहून ताट घेऊन आली. लेथला झेंडूचा हार, ड्रिल मशीनला हार, स्टुलावर पाने, पक्कड, टॅपचा डबा मांडलेला. काकूने विचारलं, "सगळ्यात महत्त्वाचं काय आहे ते सांगा, त्याला आधी लावते."

काकांनी लाकडी पेटी उघडली आणि गेज काढून पाटावर ठेवलं. "हे. आपण काहीही करू, शेवटी हे हो म्हणालं पाहिजे."

मग काय. काकूने करंगळीशेजारच्या बोटाने दोन्ही टोकांना आधी हळद लावली, मग कुंकू ओलं करून लावलं, त्यावर अक्षता. हात राखून काही करणं तिला माहीत नाही. हळद-कुंकवात तांदळाचा भुगा असा बसला, की गो आणि नो-गो दोघं एकसारखे दिसू लागले. "आणि लगेच पुसू नका," ती म्हणाली. "आपोआप जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी त्यातून मधला मार्ग काढला. मी पोचायच्या आत त्यांनी आपल्या रुमालाने गेज वरवर पुसलं, तेलात बुडवलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. पूर्ण पुसलं नाही म्हणजे काकूचा शब्द राहिला, आणि वरून स्वच्छ दिसलं म्हणजे कामही राहिलं. आटे इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना ती दांडी गुळगुळीतच वाटते. त्या खाचांत काय बसलंय हे दिसायचा प्रश्नच नव्हता.

पहिलाच पीस गो घेईना. गो अर्धा फेरा जाऊन थांबलं. दुसराही तसाच, तिसराही.

"ह्यो टॅप गेलो," दादा म्हणाले. टॅप म्हणजे आटे पाडणारं हत्यार, बारीक ड्रिलसारखं. काकांनी नवा टॅप काढून दिला. पुन्हा तेच. काका म्हणाले, टॅप देणाऱ्याने फसवलं. दादा म्हणाले, स्टीलच चिवट आलंय. दोघांची चांगली जुंपली.

"स्टील तेच आहे, नमुन्याचं. तुमचा हात जड झालाय, गावी जाऊन आल्यापासून."

"माझो हात जड? मगे तुमी करा. मी बसतंय वायच."

आणि दादा खरंच जाऊन खिडकीत बसले. काकांनी स्वतः टॅप चालवला, तो आतच मोडला. एवढ्या लहान टॅपचा आवाजही होत नाही, हाताला फक्त काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. दादा खिडकीतूनच म्हणाले, "बराच हलको हात आसा तुमचो." मग उठून आले.

मी कुणाला दोष दिला नाही. त्यासाठी बोलावं लागतं. मी बाद पिसांना लाल खूण करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत होते. खुणेसाठी काकूचं जुनं नेलपॉलिश होतं, गडद मरून. आमच्या सगळ्या चुका अशा नखं रंगवून बसायच्या. काकांचा हट्ट असा, की पुढचा पीस नक्की बरोबर येईल म्हणून ते करतच राहिले, आणि डबा भरत गेला.

शेवटी काकांनी तोड काढली. त्याच मापाचा, पण केसभर मोठा टॅप मिळतो. तो लावला. गो आत गेलं. जरा कुरकुरत गेलं, पण गेलं. मी नो-गो लावून बघितलं, ते गेलं नाही. काका माझ्या खांद्यावरून बघत होते. "बघ," ते म्हणाले, "पाहिजे तिथे जातंय, नको तिथे अडतंय. याहून चांगलं काय असतं?" लॉट पूर्ण झाला. काकांनी सगळ्यांना लस्सी मागवली. खोकेवाले गृहस्थ भिंत मोजायला आले होते, त्यांनाही पाजली.

वरळीचा माणूस यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी चांगले पीस पेटीत भरत होते. प्रत्येकाला शेवटचं गेज लावायचं, पांढऱ्या कापडावर टेकवायचं, पुढचा घ्यायचा. जरा वेळाने कापडाकडे लक्ष गेलं. त्यावर गुलाबी ठिपके होते. पहिल्यांदा वाटलं नेलपॉलिश. पण हे तर पास झालेले पीस, यांना नेलपॉलिश कुठलं. मी कापडाचा वास घेतला. हळदीचा वास आला.

स्टीलच्या वाटीत स्पिरिट घेतलं आणि बेसिनवरच्या जुन्या टूथब्रशने गेज घासायला लागले. स्पिरिट आधी पिवळं झालं, मग लाल. घासतच राहिले. हळद, कुंकू, तांदळाचा भुगा आणि वर तेल. असं मिश्रण भिंतीला लावलं असतं तर खपल्या पडल्या नसत्या, इथे तर त्याला बसायला आटे मिळाले होते. दुसऱ्या वाटीत नवं स्पिरिट घेऊन दोनदा घासल्यावर ते स्वच्छ राहिलं.

मग बिस्किटांच्या डब्यातला एक मरून खुणेचा पीस उचलला. गो अलगद शेवटपर्यंत गेलं. नो-गो थांबलं. म्हणजे चांगला. पेटीतला एक पास झालेला पीस घेतला. त्यात नो-गोसुद्धा सरळ आत जाऊन बसलं, घरच्यासारखं.

मी काकांना हाक मारली नाही. दोन्ही पीस, गेज आणि लाल स्पिरिटची ती पहिली वाटी एका ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे त्यांच्यासमोर नेऊन ठेवला. काकांनी गेज फिरवून बघितलं. पुन्हा फिरवलं. मग वाटीत बघत राहिले.

"कुंकू?" ते म्हणाले.

मी मान डोलावली.

"इतकी वर्षं लावतोय, कधी काही झालं नाही."

"इतकी वर्षं आपण पडद्याच्या दांड्या करत होतो," मी म्हटलं. माझ्या मानाने हे वाक्य लांबच होतं.

दादा येऊन उभे राहिले. त्यांनी डबा बघितला, पेटी बघितली. "म्हंजे वायट तां बरां, आणि बरां तां वायट," ते म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत पेटी उचलून भंगाराच्या पिंपात उपडी केली. मग बिस्किटांचा डबा दोन्ही हातांनी आणून टेबलावर ठेवला, प्रसादाचा असावा तसा.

डब्यातले बहुतेक पीस खरंच चांगले निघाले. काकांच्या हट्टामुळे ते लॉट पुरा होण्याइतके होते. प्रश्न उरला नेलपॉलिशचा. काकांनी काकूला फोन केला, "तुझं ते रिमूव्हर घेऊन ये. हो, असेल तेवढं." फोन ठेवून आम्हाला म्हणाले, "हिला काही सांगायचं नाही. वरळीवाल्याला तर नाहीच नाही."

काकू दुपारच्या जेवणानंतर आली, कापूस आणि रिमूव्हरची बाटली घेऊन. आम्ही दोघी समोरासमोर बसून पिसांची नखं पुसत राहिलो. गाळ्यात लेथच्या तेलावर त्या रिमूव्हरचा वास चढला. "हे लाल कशाला लावता मग, पुसायचंच असतं तर?" तिने विचारलं. काका लांबूनच म्हणाले, "नवी पद्धत आहे." काकूला नव्या पद्धतींबद्दल आदर आहे. तिने पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरळीचा माणूस आला. माझ्याच वयाचा असेल. आला, बसला, बॅगेतून स्वतःचं गेज काढलं, पेटीतून थोडे पीस वेचले आणि तपासायला लागला. एक अक्षर नाही. मला बरं वाटलं. काकांना अस्वस्थ वाटलं, ते उगाच लेथभोवती फिरत होते. काकू त्या दिवशी मुद्दाम आली होती. तिने त्याला दोनदा चहा विचारला आणि एकदा आडनाव.

सगळं ठीक चाललं होतं. मग त्याने एक पीस खिडकीकडे धरला आणि नखाने खरवडला. "हे लाल काय आहे?"

कापसातून निसटलेला एक मरून ठिपका.

"मार्किंग," काका म्हणाले.

"लाल म्हणजे रिजेक्ट ना?" त्याने पीस कापडावर वेगळा ठेवला. "रिजेक्ट पीस चांगल्या लॉटमध्ये कसा आला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. दादांनी लेथचं बटण दाबलं आणि मग बंदही केलं. तो माणूस हातातलं गेज खाली ठेवत होता, बॅगेच्या दिशेने. मला ती बॅग बंद झालेली दिसली, खोकेवाल्यांची टेप भिंतीवर दिसली आणि कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांची माफी मागणारी मी दिसले.

"सगळेच रिजेक्ट होते," मी म्हटलं.

काका खाली बसले.

मग मी सांगितलं. सुरुवात इंग्रजीत केली, कारण घाबरले की मला इंग्रजी येतं. पण दसऱ्याची पूजा त्या भाषेत एखाद्या अपघातासारखी वाटायला लागली, म्हणून मराठीत आले. पाटावर ठेवलेलं गेज, अक्षता, रुमाल, तेल, मोठा टॅप, लस्सी. लस्सी सांगायची गरज नव्हती, पण एकदा बोलायला लागल्यावर कुठे थांबायचं याची मला सवय नाही. भंगाराच्या पिंपातला एक पीस काढून त्याच्यासमोर ठेवला, मोठ्या टॅपचा. त्याने त्यात स्वतःचं नो-गो फिरवलं. ते आत गेलं.

चहाचा ट्रे घेऊन काकू मागे उभी होती, हे मला सगळं बोलून झाल्यावर कळलं.

"म्हणजे पॉलिशही माझं आणि कुंकूही माझं," ती म्हणाली.

काका चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. काकूने ट्रे ठेवला आणि त्यांना म्हणाली, "आणि मला काय सांगितलंत, नवी पद्धत. काल तासन्‌तास बसून पुसत होते मी. पाठ धरली माझी." तिला राग कुंकवाचा आला नव्हता, पद्धतीचा आला होता.

वरळीचा माणूस मान खाली घालून हसत होता, असं मला वाटतं. खात्री नाही, त्याने मान लवकर वर केली नाही. मग म्हणाला, "आमच्याकडे दसऱ्याला मापं घेणाऱ्या यंत्राच्या टेबलावर नारळ फोडला होता. सर्व्हिसवाला बाहेरून बोलवावा लागला." एवढं बोलून त्याने वेचलेले पीस पेटीत परत टाकले आणि अख्खी पेटी समोर ओढली. आता तो एकूणएक पीस तपासणार होता. सांगितलं नाही, पण ते उघड होतं, आणि मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

दुपार त्यातच गेली. गो, नो-गो, पुढचा. मी समोर बसून पुसून देत होते. आदल्या दिवशी आमच्या घाईतून निसटलेले काही पीस त्याने बाजूला काढले. ते खरंच घट्ट होते, ज्या टॅपने केले तो खरंच झिजलेला होता. म्हणजे दादांचं अगदीच चुकलं नव्हतं, आणि त्यांनी ते काकांना ऐकू जाईल अशा बेताने लेथला सांगितलंही. बाकी सगळे चांगले. लॉट पास झाला. त्याच्या शेऱ्यात गेज रोज स्पिरिटने धुण्याची सूचना होती. धुण्याचं कारण त्याने लिहिलं नव्हतं.

निघताना बॅग बंद करून त्याने काकांना विचारलं, "यापुढे क्वालिटीबद्दल काही असलं तर फोन कुणाला करायचा?"

मी गेज पुसत होते. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला. ही सगळं सांगते." यात टोमणा किती आणि अभिमान किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काका गावी गेले नाहीत. खोकेवाल्यांनी पलीकडचा गाळा घेतला. बँकेचं नाव बाबांनी पुन्हा काढलं नाही, कारण आता त्यांना 'डेंटल कंपनीशी तिचं रोज बोलणं असतं' असं सांगता येतं, आणि यात तर गैरसमज करून घ्यायलाही काही नाही. कंपनीचा फोन खरंच जवळजवळ रोज येतो. ज्या गाळ्यात मला कुणी काही विचारत नव्हतं, तो वाचला, आणि त्यात माझ्याइतकं कुणी बोलत नाही.

फोनवर तो माणूस नसतो, वेगवेगळी माणसं असतात. सगळ्यांना सगळं आजच हवं असतं. लेथच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून मी जिन्यात जाते. काका दाराशी येऊन उभे राहतात. मी आत आले की विचारतात, "काय म्हणाले?"

"उशीर होतोय म्हणाले."

"मग तू काय सांगितलंस?"

"घाई केली तर टॅप मोडतो, म्हणून सांगितलं."

"एवढा वेळ तेवढंच?" काका म्हणतात, आणि समाधानाने लेथकडे जातात. खरं तर तेवढंच नसतं. परवा मी एका माणसाला बराच वेळ समजावलं की स्टील चिवट असतं, कीस काढत काढत आटे पाडावे लागतात, आणि तुम्हाला दिवाळीच्या आधी हवं असेल तर दसऱ्याच्या आधी सांगा. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही बोलता फार. मी सॉरी म्हटलं आणि पहिल्यापासून पुन्हा समजावलं.